क्विरिनचा खड्डा

“पुन्हा हिमकडा कोसळण्याचा धोका, पाचातल्या तिसऱ्या पातळीचा!” गावच्या फळ्यावरचा कागद वाचून वाल्बुर्गाचं डोकं फिरलं. ईशान्येच्या उतारावर जाऊ नये, खाली क्विरिनची सही. तिचं विश्रामघर नेमकं त्या उताराच्या वर, आणि आज तिची मुलगी आफ्रा आठ पाहुण्यांना स्कीवरून तिथे घेऊन यायची होती.

क्विरिन हा गावच्या हिमकड्यांवर नजर ठेवणारा म्हातारा. त्याच्या मेव्हण्याचं हॉटेल खाली दरीत. वर जायला बंदी झाली, की पाहुणे मेव्हण्याकडे! पाणी कुठे मुरतंय हे वाल्बुर्गाला वेगळं सांगायला नको होतं.

तिने आफ्राला फोन केला. “तो कागद विसर. काल तिथून सहा जण गेलेत, त्यांच्या खुणा अजून दिसताहेत. दहाला निघ.”

“नक्की ना, आई?”

“चाळीस वर्षं राहतेय मी इथे!”

मग ती क्विरिनच्या मागावर निघाली. हा गृहस्थ खरंच बर्फ तपासतो की चुलीपाशी बसून कागद रंगवतो, हे तिला एकदा पाहायचंच होतं.

तो सापडला त्या बंदी घातलेल्या मोठ्या उताराच्या बाजूला, त्याच दिशेच्या एका लहान चढावर, छातीएवढ्या खड्ड्यात.

“काय गं, माझी चोरी पकडायला आलीस?”

“मेव्हण्याचं किती भलं करशील रे?”

“त्याच्याशी मी तीन वर्षं बोलत नाही. धोका होता म्हणून त्याच्या हॉटेलचीही वाट मीच बंद केली होती. ये, उतर खाली.”

त्याने खड्ड्याच्या भिंतीतून बर्फाचा एक खांब मोकळा कापला, वर फावडं ठेवलं. “मनगटाने हळूच थोपट. दहादा.”

तिने एकदा थोपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा वरचा अख्खा ठोकळा घसरून तिच्या गुडघ्यांवर आला! खाली साखरेसारखे सुटे दाणे होते, वरच्या थराला धरून न ठेवणारे.

“पण काल सहा जण गेले...” तिचा आवाज चिरका झाला.

“सहा गेले. सातव्याचं कोण सांगणार?”

आठ पाहुणे आणि आफ्रा! तिने हातमोजा दातांनी ओढून फोन लावला. घंटा वाजतच राहिली. शेवटी आफ्राचा आवाज आला, “आम्ही उताराच्या अलीकडच्या वळणापाशी आलोय.”

“थांब! मागे फिर, बाळा! मी चुकले. बर्फाचं मला काही ठाऊक नव्हतं, मी नुसता संशय घेतला!”

आफ्रा परत फिरली. वाल्बुर्गा खड्ड्यातच बसून रडली.

मंडळी, तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाहुणे चिडून दरीत उतरले, आणि गावात कुजबुज सुरू झाली, “वाल्बुर्गाही आता मेव्हण्याला सामील!” तिने ती ऐकली आणि बोलणाऱ्याच्या हाती फावडं ठेवलं.

आपल्यालाही कुणी गैरसोयीचं खरं सांगतं, तेव्हा आपण आधी त्याचा मेव्हणा शोधतो. तसं करू नका! त्याच्या मनात शिरण्याआधी त्याने खणलेल्या खड्ड्यात उतरून बघा.