सरांना न येणारं काज

चौथीच्या वर्गात शनिवारचा शेवटचा तास मुलांचा. त्यांनी फळ्यापाशी उभं राहायचं, मी बाकावर बसायचं आणि मला येत नसलेलं काहीतरी त्यांनी मला शिकवायचं. मोठं माणूस शिकताना दिसलं की शाळा संपली तरी शिकणं संपत नाही, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही, अशी माझी समजूत.

त्या शनिवारी आमच्या काताई उठल्या. वाक्यावाक्याला 'का?' विचारते म्हणून वर्गानंच ठेवलेलं नाव. उकळत्या भांड्यावरचं झाकण का उडतं, ते तिनं चित्र काढून समजावलं. मी कपाळावर हात मारला. "अगंबाई! हे मला माहीतच नव्हतं."

तिनं खडू खाली ठेवला. "सर, दादाच्या जुन्या वहीत हेच आहे. तुम्हीच शिकवलंय. खाली तुमची सहीसुद्धा आहे."

"सर सापडले!" मागून कोणीतरी खिदळलं. मीही हसलो. ती हसली नाही.

पुढचे पंधरा दिवस तिच्या तोंडून एक 'का' निघाला नाही. गृहपाठ वेळेवर, अक्षर सुरेख, नजर मात्र खिडकीबाहेर. आता हिचे प्रश्न कायमचेच आटले तर? ते माझ्यामुळेच, हे मला झोपू देईना.

शेवटी शाळा सुटल्यावर मी तिच्या आईच्या शिलाईच्या दुकानात गेलो. आई मशीनवर होती, काताई चिंध्या निवडत होती.

"या सर. हिनं काही उद्योग केला का?"

"उद्योग मी केलाय." मी स्टुलावर बसलो. "काताई, त्या दिवशी मी नाटक केलं. चुकलो. आता मला खरंच न येणारं काहीतरी शिकव."

"तुम्हाला तर सगळं येतं."

"हाताचं काज नाही येत."

"इतकं साधं?" तिनं संशयानं माझ्याकडे पाहिलं आणि चिंधीला चीर पाडून सुई हातात दिली.

पहिल्या काजात दोरा गुंतला. दुसऱ्यात सुई बोटात गेली. तिसरं पाहून आई म्हणाली, "सर, यातून बटण नाही, नारळ जाईल."

काताई खळखळून हसली. हे नाटक नाही, याची तिला खात्री पटली. "असं नाही हो सर! डावीकडून सुरू करा." मग तिचा हात थबकला. "आई, डावीकडूनच का?"

आईनं मशीन थांबवलं. "माझ्या आत्यानं असंच शिकवलं. का ते मी कधी विचारलंच नाही गं."

"सर, तुम्हाला माहितीये?"

"नाही. आईशप्पथ नाही."

आईनं एक चिंधी ओढली, तिला चीर पाडली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा उजवीकडून टाका घातला. आम्ही दोघं तिच्या हाताकडे वाकून बघत राहिलो.