तापलेलं चाक

मी डॉक्टर, आणि राग कायम नाकावर. उन्हाळ्यात बसवलेले मोटारसायकलच्या ब्रेकचे पट्टे दिवाळीआधीच झिजले, तेव्हा सिंदेवाहीच्या बिरजू मिस्त्रीची खरडपट्टी काढायचीच असं ठरवून मी निघालो. महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावातली ती गाडी होती, म्हणून १९५५ साली जंगलातली खेडी मला गाठता यायची. ती बंद पडली की तिकडचे रोगी देवाच्या हवाली.

आदल्या दिवशी नाल्याच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. आम्ही थेट धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात. मागे बसलेला माझा घरमालक मुखरूभाऊ कोपरावर आपटला. तरी गाडी शेजाऱ्याच्या बैलगाडीत घालून मिस्त्रीकडे न्यायला तोच माझ्यासोबत आला.

बिरजूनं चाक उघडलं. ब्रेकच्या ड्रमच्या आत गंजाचे खवले धरले होते आणि त्यांनी पट्टे पार खरवडून काढले होते.

"पट्टे चांगलेच होते, डाक्टरसाब. गाडी रोज पान्यात उभी करता का?"

"मला काय वेड लागलंय?"

"मी करतो," मुखरूभाऊ म्हणाला. "रोज सांजेले. बोडीत नेतो."

बोडी म्हणजे गावाचं लहानसं तळं. कामावरून आलेले बैल तिथंच धुतात. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या.

"कशाला पण?"

"दिवसभर धावते बिचारी. हात लावला तं चाक असं तापलेलं. मागच्या साली खुरकुतीत माह्या बैलाईचे खूर असेच तापले होते. मले उशिरा समजलं. दोन्ही गेले."

शिव्या गिळाव्या लागल्या. मला फार वाईट वाटलं.

"मुखरूभाऊ, हे लोखंड आहे. पाण्यानं गंजतं. तापलं तरी आपोआप निवतं."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

नवे पट्टे बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फेरीहून परतलो. मुखरूभाऊनं चाकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. एकदा बोडीकडे पाहिलं. मग गाडीपाशीच उकिडवा बसला. त्याची बायको रुखमाबाई आम्हाला जेवायला हाका मारत होती.

"थांब ना," तो म्हणाला, "अजून निवली नाई ते."

चाक थंड होईस्तोवर तो उठला नाही. मीही जेवायला गेलो नाही.