डब्यावर लिहिलंय ‘ढग’

मी आगीत जळालो असं तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत, साहेब. धडधडीत खोटं!

मित्रांनो, मी एक जुना, स्वस्तातला घोडेस्वारांचा चित्रपट आहे. लॉस एंजेलिसबाहेरच्या बोडक्या टेकड्यांत मला सहा दिवसांत उरकलं. नायक देखणा होता, पण त्याच्याऐवजी घोड्यावरून पडायचा लाइल ॲबरनॉट. नायकाचा सदरा घालून, डाव्या हाताने टोपी तोंडावर दाबून. चेहरा दिसू नये म्हणून.

चौथ्या दिवशी घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधली. दुसरं टोक जमिनीतल्या खुंटाला, म्हणजे धावता घोडा ठरल्या जागी पडणारच.

लाइल म्हणाला, "तार लावायची नाही असं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं रे. ऊन उतरतंय, बस घोड्यावर!" दिग्दर्शक ओरडला.

घोडा दौडला, तार ताणली. घोडा मानेवर कोसळला, लाइल त्याच्याखाली. दोघंही उठले नाहीत. मी सगळं टिपलं, तारेसकट.

कंपनीने सांगितलं, स्वार प्यायलेला होता. त्याची बायको व्हर्ना कंपनीच्या दारात उभी राहिली. "तो दारूला शिवत नव्हता. मला फिल्म दाखवा."

"आगीत गेली, बाई," म्हणत साहेबांनी सहीचा कागद तिच्या हातात दिला.

पण कंजुषांची खोड जाते कुठे? तिथे चांगलं पडणं एकदाच वापरून कोणी टाकत नाही. माझी एक प्रत काढून, तीतला तार दिसणारा तुकडा कापून त्यांनी लाइलचं पडणं दुसऱ्या चित्रपटात चिकटवलं. वर्षभराने बेकर्सफील्डच्या थिएटरात व्हर्नाने तो डावा हात ओळखला.

"हा माझा लाइल!" ती उभीच राहिली.

"बसा हो बाई," मागून कोणीतरी म्हणालं, "पुढच्या सिनेमात उठेल तो!"

ती पुन्हा कंपनीत गेली. "जळलेली फिल्म पडद्यावर दिसते कशी?"

कारकून हसला. "पडणारे सगळे सारखेच दिसतात."

मी मात्र अख्खा आहे. गोदामात, गंजक्या डब्यात. वर चिठ्ठी आहे, ‘ढग’. नुसत्या ढगांच्या चित्रणाचा डबा कोण उघडतो? आता माझ्या कडा चिकट होऊ लागल्यात, थोड्या दिवसांनी माझा भुगा होईल. मग लाइल कायमचा दारुडा ठरेल.

म्हणून, मित्रांनो, जुना डबा फेकण्याआधी उघडून बघा. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. आणि साहेब, तुमच्या त्या सहीचं अक्षर आणि या चिठ्ठीचं अक्षर एकच आहे. मी जळालो होतो, तर मग ‘ढग’ लिहून तुम्ही कोणाला झाकलंत? बोला!