मानेवरचं छिद्र

मोनिकाच्या मुलीच्या मानेवर, उजव्या बाजूला खाली, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं. जन्मली तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. महिन्याभरात त्यातून चिकट पाणी यायला लागलं आणि मोनिकाच्या जिवाला घोर लागला.

ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. पार्टमध्ये दोष निघाला की कारण शोधून लिहायचं, हे तिचं रोजचं काम. आता रजेवर असताना ती स्वतःचेच नऊ महिने तपासत बसली. कंपनीतल्या पेंट शॉपजवळचा वास? तापावर घेतलेली ती गोळी? सासूबाईंचं, म्हणजे गोजाबाईंचं, पक्कं ठरलेलं होतं: ग्रहणात सुरी हातात धरली, दुसरं काय! नवरा रणजीत सोड म्हणायचा, पण तोही दिवसातून चारदा मोबाइलचा टॉर्च लावून ती मान बघायचा.

शेवटी तिघं बाळाला घेऊन पिंपरीला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना गळ्याच्या जागी नुसत्या घड्या असतात. तिथल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात, तू कान हो, तू टॉन्सिल हो, तू मिटून जा. एखादा निरोप चुकला की एक घडी उघडी राहते. मूल थोडं मोठं झालं की ऑपरेशन करून ती काढता येते.

"पण निरोप चुकला कशामुळं?" मोनिकानं विचारलं.

"बहुतेकदा सांगता येत नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही. कधी कधी घराण्यातून येतं. घरात आणखी कुणाला आहे?"

मोनिका नाही म्हणाली, रणजीतही.  मग गोजाबाईंनी मानेवरचा पदर बाजूला केला.

"मला हाय," त्या म्हणाल्या. "आई म्हनायची, झाकून ठेव, न्हाईतर लगीन जमायचं न्हाई."

रणजीत आईकडे बघतच राहिला. मोनिकाचं डोकं तापलं. दोन महिने ग्रहणाचं ऐकून घेतलं होतं तिनं.

परतताना गाडीनं भोसरी ओलांडली. "म्या उगंच बोलले तुला," गोजाबाई पुटपुटल्या. मोनिकानं बाळाच्या मानेवरचं पाणी टिपलं. कारण सापडलं होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

"दुखतं का ते?" तिनं एकदम विचारलं.

"थंडीत ठनकतं."

मग पाणी कधी येतं, सूज येते का, गिळताना काही होतं का, असं ती विचारतच गेली. आणि इतक्या वर्षांत कुणीच न विचारलेलं सगळं गोजाबाई मोशी येईपर्यंत सांगत राहिल्या.