चरबीशिवाय तमाले

क्रेसेन्सियोचा डावा पाय साखरेच्या आजारानं खाल्ला होता. उजव्या अंगठ्यावर जखम झाली तेव्हा फ्रेस्नो शहरातल्या डॉक्टरनं बजावलं, नाताळपर्यंत ही सुकली नाही तर हाही पाय गेला म्हणून समजा. तेव्हापासून त्याची बायको ओर्तेन्सिया त्याला घेऊन दर मंगळवारी सकाळी चर्चच्या हॉलवर जायची. तिथे वस्तीतलीच नायेली नावाची पोरगी साखरवाल्या घरांना आधी तासभर नाचवायची आणि मग बेताच्या तेलातला स्वयंपाक शिकवायची.

डिसेंबरात पाळी आली तमाल्यांची. मक्याचं पीठ भिजवायचं, आत मांस भरायचं, मक्याच्या सालीत गुंडाळून उकडायचं. आजवर पिठाच्या निम्मी तर डुकराची चरबीच पडायची. नायेली म्हणाली, चरबी नको. मांसाचं पाणी आणि दोन चमचे तेल घाला, आणि हात गळून पडेपर्यंत फेटा. पिठाची गोळी पेल्यातल्या पाण्यावर तरंगली की पीठ झालं.

ओर्तेन्सियानं असं फेटलं, की भिंतीवरचे दोन संत खिळ्यावरून निखळले. गोळी तरंगली कसली, पेल्यातून उडी मारून टेबलावर आली.

तेवढ्यात नणंद आली, दोमितिला. ही बाकावर बसली की पलीकडच्या टोकाची माणसं आपोआप उभी राहायची. काखेत चरबीचा डबा. आमच्या आईच्या तमाल्यांत तेल घालणारी ही बया घरात आलीच कुठून, असं तिनं साऱ्या हॉलला विचारलं आणि मूठभर चरबी थेट पातेल्यात घातली.

"हात काढ, ताई," ओर्तेन्सिया म्हणाली.

"नाही काढला तर? माझाही कापून आणशील, भावाच्या पायासारखा?"

ओर्तेन्सियानं लाकडी कलथा तिच्या थोबाडावर हाणला. सोन्याचा दात उडाला तो छताच्या पंख्यावर जाऊन बसला, अजून तिथेच फिरतोय. दोमितिलानं भावजयीचे केस मुठीत धरले आणि डोकं टेबलावर आपटलं, दोनदा. टेबल मोडलं. डबा सांडला आणि चरबीवरून दोघी एकमेकींना बोचकारत हॉलभर घसरल्या. वाटेत आठ खुर्च्या पडल्या, एक पाद्री पडला. दोमितिलानं ओर्तेन्सियाचा कान चावला तो अर्धा तोडूनच सोडला. पिठावर रक्ताचे थेंब उडू नयेत म्हणून नायेली पातेलं पोटाशी धरून उभी होती.

मग दोमितिलाच्या हाताला काहीतरी लागलं आणि तिनं त्यानंच झोडायला सुरुवात केली. तिसऱ्या तडाख्याला ओर्तेन्सियाची बरगडी वाजली. चौथ्याला हात वरच राहिला. हातात भावाचा नकली पाय होता. घाम टिपायला त्यानं काढून ठेवलेला. वर तिनंच विणलेला हिरवा मोजा.

"दुसराही हवाय का?" क्रेसेन्सियो बाकावरून शांतपणे म्हणाला. "नाताळपर्यंत थांब. जोडी होईल."

दोमितिलानं पाय खाली ठेवला. तिनं पातेल्यातली चरबी बोटांनी खरवडून काढली आणि भिंतीवर फेकली. दोघींनी रक्त पुसत तमाले गुंडाळले आणि चुलीवर चढवले.

दोन तासांनी झाकण काढलं तर आत कच्चं पीठ. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. स्वयंपाकघरात राग असला की तमाले शिजत नाहीत. रागावलेल्यांनी पातेल्याभोवती नाचायचं असतं. नाचल्या दोघी. एकमेकींच्या मनगटात नखं रुतवून नाचल्या, नायेली टाळ्यांनी ताल धरत होती, आणि तीन तासांत हॉलची फरशी चार बोटं खचली. पातेल्यातून वाफेचा लोट निघाला तेव्हा कुठे थांबल्या.

क्रेसेन्सियोनं पहिला घास घेतला. म्हणाला, आईच्या हातची चव नाही.

दोमितिलानं नकली पाय पुन्हा उचलला. "खा."

त्यानं खाल्लं. रोज खाल्लं, दर मंगळवारी बसल्या जागी हातवारे करून नाचलाही, कारण बहीण पाय घेऊन शेजारीच उभी असायची. नाताळाच्या आदल्या आठवड्यात जखम भरली. नव्या गोळ्यांचा हा गुण, डॉक्टर सांगत होता. ओर्तेन्सियानं ते दीड कानानं ऐकून घेतलं.