कब्रस्तानची वाट

जिलानी मोटारवाला गेला तो ऐन भादव्यात, ओढा दोन्ही थड्या भरून वाहत असताना. गावातल्या निम्म्या बोअरच्या मोटारी त्याच्याच हातून दुरुस्त झालेल्या, त्यामुळे सकाळपासून त्याच्या दारात सगळ्या आळ्यांतली माणसं येऊन बसली होती. सरपंच तारामती बिराजदार आत जाऊन त्याच्या बायकोला, रईसाला, भेटली.  रईसानं तारामतीचा हात धरून ठेवला.

बाहेर आल्यावर जिलानीचा मुलगा मुनीब जवळ आला. "काकू, दुपारी जोहरच्या नमाजनंतर जनाजा उचलायचाय. वाटेचं काय?"

हा प्रश्न येणार हे तारामतीला ठाऊक होतं. कब्रस्तानला जायची जुनी गाडीवाट तिच्या धाकट्या दिराच्या, किशनरावच्या रानाला लागून जायची. गेल्या वर्षी त्यानं ती नांगरून आपल्या रानात घेतली आणि तारेचं कुंपण ओढलं. तेव्हापासून लोक ओढ्यातून जायचे. आज ओढ्यात माणूस उभा राहत नव्हता.

तिनं काही केलं नव्हतं असं नाही. ग्रामसभेत ठराव घेतला होता. ठराव तालुक्याला गेला, सुनावणी झाली, वाट मोकळी करायचा तहसीलदारांचा हुकूमही निघाला. गाडं अडलं ते पुढं. तलाठी म्हणायचा, मंडळ अधिकारी आल्याशिवाय मी हात लावणार नाही. मंडळ अधिकारी म्हणायचे, पोलीस पाहिजेत. पोलीस म्हणायचे, आम्हाला काही कळवलेलं नाही. हुकूम होता, आणि तारही जागच्या जागी होती.

दारातल्या गर्दीतून कुणीतरी चिडून म्हणालं, "मय्यत उचला अन् तहसीलच्या दारात नेऊन ठेवा. मग येतील पळत."

मुनीबनं मान हलवली. "अब्बाला मोर्च्यात न्यायचं न्हाई. त्यांना मातीत ठेवायचंय, बस्स."

तारामती तिथून सरळ ग्रामपंचायतीत गेली आणि फोन लावला. तहसीलदार लातूरला बैठकीला गेले होते. नायब तहसीलदार म्हणाले, "ताई, सोमवारी बघू. बंदोबस्त मागवावा लागतो."

"साहेब, मयत सोमवारपर्यंत थांबती का? हुकूम तुमच्याच हापिसाचा हाय. मी कुंपणापाशी जाऊन बसते. तुम्ही आल्याबिगर उठत न्हाई."

तिचा नवरा श्रीमंत दारात उभा राहून ऐकत होता. "तू मधी पडू नको," तो म्हणाला. "सख्खा भाऊ हाय माझा. सरकार घेईल बघून."

"गावात सरकार कोण हाय, सांगा बरं? तहसीलदार लातूरला, आमदार मुंबईला. हितं मीच हाय नव्हं."

 श्रीमंत तिच्यासोबत आला नाही.

किशनराव कुंपणापाशीच उभा होता. त्याला बातमी आधीच लागली होती.

"वैनी, घरची म्हणून आलात का सरपंच म्हणून?"

"घरची म्हणून यायचं असतं तर तुमच्या घरी आले असते, भावजी."

"म्हंजे परक्यांसाठी घरच्याचं रान कापून देणार तुम्ही?"

"जिलानी परका कधीपासून झाला? आन् रान तुमचं हाय तेवढंच राहील. वाट कुणाच्या वाटणीत आली नव्हती. ती गावाची हाय."

किशनरावनं तोंड फिरवलं. तारामती बांधावर बसून राहिली. कानात ओढ्याचा आवाज घुमत होता. वाटणी व्हायच्या आधी याच रानात तिनं कितीतरी पावसाळे खुरपण केलं होतं. ती नवी नवरी असताना किशनराव शाळेतून येऊन तिच्या फडक्यातली भाकरी मागायचा. 

दुपारी तहसीलची जीप आली, तिच्यामागं मुनीब आणि गावातली माणसंही. नायब तहसीलदार वयानं लहान होते, सोबत दोन पोलीस आणि तलाठी. त्यांनी हुकूम वाचून दाखवला. पोलिसांसमोर किशनराव वाद घालत बसला नाही. बाजूच्या बाभळीखाली जाऊन बसला. कोतवालानं तार सोडवली. पण पुढं वाटेवर शेंगांनी लगडलेलं सोयाबीन उभं होतं.

"हे कापायला माणसं लागतील," नायब तहसीलदार म्हणाले.

गर्दीतलं कुणी पुढं होईना. उद्या किशनरावच्या नजरेला नजर द्यायची होती प्रत्येकाला. मुनीब हळूच म्हणाला, "काकू, आम्ही हात लावला तर उद्या त्याची भलतीच गोष्ट होईल."

तारामतीनं कोतवालाकडून विळा मागून घेतला, पदर खोचला आणि वाकली. शेंगा हाताला भरलेल्या लागत होत्या. अशा पिकावर अवेळी विळा चालवताना तिचा हात जड झाला, पण थांबला नाही. कापलेली पेंढी तिनं कुठं फेकली नाही. एकेक उचलून किशनरावच्या बांधावर नीट रचून ठेवली.

थोड्या वेळानं म्हातारी विठाबाई आपला विळा घेऊन शेजारी येऊन बसली. मग आणखी दोघी-तिघी आल्या.

जनाजा आला तेव्हा बाया बाजूला झाल्या. खांद्यामागं खांदे बदलत माणसं चिखल तुडवत त्या वाटेनं निघाली. बाभळीखालचा किशनराव उठून उभा राहिला. जनाजा पुढं जाईपर्यंत खाली मान घालून उभा होता. मग घराकडं गेला.

त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं थांबलं. गौरीच्या जेवणाला जावेनं बोलावलं नाही. श्रीमंत कामापुरतं बोलायचा. अविश्वास ठराव आणायची भाषाही गावात सुरू झाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर तारामतीला वाटायचं, चुकलं का आपलं? पण मुनीबचं तोंड आठवलं की तो विचार तिथंच थांबायचा.

दसरा झाल्यावर एका सकाळी किशनरावची बायको महामाया ग्रामपंचायतीच्या दारात येऊन उभी राहिली. आत यावं की नाही, असं तिला झालं होतं.

"अक्का, आमच्या आळीला नळाचं पाणी येईना झालंय. ह्यांना सांगितलं, तर म्हणले, हिंडू नको कुणाच्या दारात."

तारामतीनं पाणी सोडणाऱ्या संगमेशला बोलावून घेतलं आणि त्याला तिच्यासमोरच वाल्व बघायला पाठवलं. मग शिपायाला चहा सांगितला. महामाया खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"घरी येत जा गं," तारामती म्हणाली.

"घरी न्हाई येता यायचं, अक्का. हे बोलतेत." महामायानं कप हातात घेतला, एकदा दाराकडं पाहिलं. "हितं बसलं तर चालतंय. हे काय तुमचं घर न्हाई. पंचायत हाय."