दुपारची गोळी

सुग्रीवला चारा सोसत नाही, हे छावणीत आल्यावर थोड्याच दिवसांत साऱ्यांना ठाऊक झालं. जन्म गुराढोरांत गेलेला माणूस, आणि आता वाळल्या गवताची पेंढी सोडली की शिंकांवर शिंका, डोळ्यांना धार, आणि मग अंगभर लाल फुगलेल्या गांधी. घरच्या कडब्यानं असं कधी झालं नव्हतं. पण पाटोद्याच्या अलीकडे दूध संस्थेनं उघडलेल्या या छावणीत ट्रकमधून येईल ते गुरांनी खायचं आणि माणसांनी हुंगायचं. त्यात निम्मं गाजरगवत. तक्रार केली तर चेअरमन म्हणायचे, दुष्काळात मिळतंय ते गोड मानून घ्या. त्यांचं काय जातंय? फोटोपुरता गाईच्या पाठीवर हात ठेवला की त्यांची जीप निघालीच.

भामाबाईनं नवऱ्याच्या अंगाला आमसुलाचं पाणी लावलं, त्याला घोंगडीत गुंडाळलं. गुण आला नाही. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या.

"खाज आणि गांधी बसतील, शिंकाही कमी होतील. नाक थोडं चोंदलेलं राहील. पण ही जुन्या जातीची गोळी आहे, हिनं गुंगी येते. रात्रीच घ्यायची."

गोळी मोठी गुणाची निघाली. घेतली की थोड्या वेळात गांधी विरून जायच्या. पण सकाळी पेंढ्या सोडल्या की दुपारपर्यंत अंग पुन्हा भरून यायचं, आणि दिवसा गोळी घ्यायला सुग्रीव काही केल्या तयार नव्हता.

"कावून घेत न्हाई? रगत काढलंय खाजवून," भामाबाई करवादायची.

"मी झोपलो तर हरणीकडं कोन बघंल?"

भामाबाईच्या बापानं लग्नात तिला गाय आंदण दिली होती. हरणी त्या गाईच्या वंशातली. बाप गेला, माहेर उठलं, बाकीची जनावरं बाजारात गेली. उरली ती ही एक, म्हातारी, गाभण, आणि हा तिचा शेवटचा वेत. कालवड झाली तर बापाच्या गाईचा वेल पुढे चालणार होता, नाहीतर इथंच संपणार. म्हणून हाडं वर आलेल्या त्या गाईला दोघं जिवापाड जपत. एक जण पाण्याला गेलं की दुसरं तिच्यापाशी बसून राही.

त्या दिवशीचा चारा फारच वाईट होता. सुग्रीव बैलासारखा छपराच्या मेढीला पाठ घाशीत उभा होता, दंडाची साल निघाली होती. भामाबाईला बघवेना. हरणीची कास तटतटली होती खरी, पण हरणी आजवर पहाटेच व्याली होती. अजून अख्खी रात्र आहे, असं तिनं मनाशी धरलं. दुपारच्या चहात गूळ जास्त घातला, गोळी चुरून टाकली आणि कप पुढे केला. तो प्यायला. खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटलं. मग ती घागर घेऊन टँकरवर गेली.

टँकर उशिरा आला. त्यात बायकांची भांडणं. ती परतली तेव्हा हरणी व्याली होती. गाय आडवी पडलेली, उठायचं त्राण नाही, मान वळवून वासराकडे जीभ काढत होती आणि जीभ पोचत नव्हती. वासराच्या नाकातोंडावर पातळ पडदा तसाच चिकटलेला. कुणी नुसता बोटानं सारला असता तरी पुरे होतं. हाताच्या अंतरावर, चाऱ्याच्या ढिगावर, सुग्रीव गाढ झोपला होता. अंगावर एक गांध नव्हती.

भामाबाईनं पडदा ओढून काढला. नाकात काडी घातली, तोंडात फुंकर मारली, मागचे पाय धरून उलटं केलं, पोत्यानं अंग चोळचोळ चोळलं. अंग अजून गरम होतं. कालवड होती.

"अवो, उठा! उठा की वो!"

तो डोळे चोळत उठला तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

शेजारच्या दावणीचा बंकट तोंडावर म्हणाला, "सुग्रीव, गाय व्याली आन् तू घोरत पडलास बे?" सुग्रीव खाली मान घालून "हौ" म्हणाला. भामाबाई तिथंच उभी होती.

त्या दिवसापासून सुग्रीवनं गोळी सोडली, रात्रीचीसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम नव्या जातीची आणली. हिनं सहसा गुंगी येत नाही, म्हणाल्या. त्यानं हात पुढे केला नाही. गांधी उठत, तो खाजवत राही, शिक्षा भोगल्यासारखा. शिक्षा आपली, आणि भोगतोय हा, हे भामाबाईला रोज बघावं लागत होतं. एका संध्याकाळी ती धारेला बसली. वासराविना हरणी पान्हा सोडेना. तिथं तिचा धीर सुटला.

"अवो, तुमचा गुन्हा न्हाई. च्यात गोळी म्याच टाकलती. तुमचे हाल बघवंनात मला. मीच मारली तिला."

सुग्रीव बराच वेळ हरणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "पयल्याच घोटाला कडू लागला. वतून देनार व्हतो. पर लई खाजत व्हतं, भामे. म्हनलं, घटकाभर."

तो शिव्या देईल, हात उगारील, नाहीतर माफ करील, काहीतरी करील आणि आपण मोकळ्या होऊ, असं तिला वाटलं होतं. आता मोकळं व्हायला जागाच राहिली नव्हती. तो पुन्हा दंड खाजवू लागला. तिनं त्याचे दोन्ही हात धरून ठेवले, आणि दोघं गव्हाणीपाशी बसून कालवडीसाठी रडली.